पाया पुन्हा तपासताना : प्रवेशपरीक्षा आणि शाळेतले गणित

नाताळची सुट्टी संपली, की ज्या घरात बारावीचा विद्यार्थी असतो त्या घरातले वातावरण पालटू लागते. पाहुण्यांचे येणेजाणे कमी होते, दूरदर्शन संचाचा आवाज उतरतो आणि आई रात्री उशिरापर्यंत जागी राहते. एका बाजूला बारावीची परीक्षा असते, आणि तिच्या पाठोपाठ अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळवून देणारी दुसरी परीक्षा उभी असते. या दुसऱ्या परीक्षेसाठी गणिताची उजळणी कशी करावी, यासंबंधी आज चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे. त्यातल्या बहुतेक गोष्टी बारावीच्या पुस्तकातल्या नाहीत. त्या आठवी, नववी आणि दहावीच्या पुस्तकांतल्या आहेत. तेथेच आपली मुले घसरतात, असा माझा अनुभव आहे.

हा अनुभव मला एका मुलीने दिला. ती खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत ती आमच्या मराठी शाळेत शिकली आणि पुढे बेळगावात पदवीपूर्व विज्ञान शाखेला गेली. तेथे सारे शिक्षण इंग्रजीतून. वडिलांची गावात पिठाची गिरणी. एका रविवारी मी मिस्साहून परत आलो, तो बापलेक ओसरीवर बसलेले. वडील म्हणाले, "सर, सरकारी सीट लागली तर हिला शिकवीन. देणगी भरून शिकवायची माझी ऐपत नाही. एवढे तीन महिने हिच्याकडे बघा." मुलगी काही बोलली नाही. तिने पिशवीतून वह्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. वह्या स्वच्छ होत्या, अक्षर सुरेख होते, आणि बारावीचा प्रत्येक धडा फळ्यावरून जसाच्या तसा उतरवून घेतलेला होता.

मी तिला मागच्या एका वर्षीची प्रश्नपत्रिका दिली आणि घड्याळ लावून सोडवायला बसवले. ६० प्रश्नांपैकी तिचे २३ बरोबर आले. उरलेले ३७ प्रश्न आम्ही दोघांनी मिळून एकेक करून तपासले आणि त्यांच्या तीन राशी केल्या. ११ प्रश्नांत बारावीचा भागच तिला नीट येत नव्हता. ७ प्रश्नांत इंग्रजी शब्दाचा अर्थ लागला नव्हता. राहिलेल्या १९ प्रश्नांत मात्र बारावीची रीत तिने अचूक लावली होती, आणि मध्येच कोठेतरी आठवी-नववीतल्या एखाद्या पायरीवर पाय घसरला होता. एके ठिकाणी तिने ९ अधिक १६ यांचे वर्गमूळ ७ असे लिहिले होते. ९ चे वर्गमूळ ३, १६ चे ४, म्हणून बेरीज ७! वस्तुतः ९ अधिक १६ म्हणजे २५, आणि त्याचे वर्गमूळ ५.

मी जरा त्रासून विचारले, "हे तुला कोणी शिकवले?"

ती खाली मान घालून म्हणाली, "सर, आठवीत तुम्हीच होता आम्हांला."

श्रोतेहो, ते वाक्य मी विसरलेलो नाही. मी तिला चूक शिकवले नव्हते हे खरे; पण बरोबर काय ते पाठ करवून घेतले होते, आणि चूक ती चूक का, हे सांगायचे राहून गेले होते. पुढच्या तीन महिन्यांत आम्ही जे केले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम परीक्षेचे स्वरूप ध्यानात घेऊ. कर्नाटकाच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत गणिताचे ६० प्रश्न असतात आणि वेळ ८० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद. उत्तर चुकले तर गुण कापले जात नाहीत. अभियांत्रिकीचा क्रमांक ठरवताना या परीक्षेचे गुण निम्मे आणि बारावीतले भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे गुण निम्मे धरतात. महाराष्ट्राच्या परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकाला दोन गुण. तेथेही चुकीला दंड नाही. तेलंगणात तीन तासांत एकंदर १६० प्रश्न, त्यांतले ८० गणिताचे; सरासरी काढली तर एका प्रश्नाला ६७-६८ सेकंदच येतात. गुजरातच्या परीक्षेत गणिताचे ४० प्रश्न एका तासात, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. इंदूर-ग्वाल्हेरकडची मुले ज्या अखिल भारतीय 'जेईई मेन' परीक्षेला बसतात, तीत तीन विषयांचे मिळून ७५ प्रश्न तीन तासांत असतात. बरोबर उत्तराला चार गुण, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. हे नियम अधूनमधून बदलतात. म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. शाळेच्या परीक्षेत आपण पायऱ्या मांडतो, आणि उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. येथे पायरीला गुण नाही. नऊ पायऱ्या बरोबर आल्या आणि दहाव्या पायरीवर अपूर्णांक चुकीचा छेदला गेला, तर हाती शून्य. शिवाय प्रश्न काढणारे अनुभवी असतात. मुले सामान्यपणे कोणती चूक करतात हे त्यांना ठाऊक असते आणि त्या चुकीतून निघणारे उत्तरही चार पर्यायांत बसलेले असते. ते दिसले, की मुलाला वाटते आपले बरोबर आले. म्हणून पाया पक्का नसेल तर वरच्या मजल्यावरची मेहनत फुकट जाते.

आता एकेका कल्पनेकडे वळू.

पहिली गोष्ट बीजगणितातल्या विस्ताराची. (अ + ब)² म्हणजे अ² + २अब + ब², हे सूत्र आठवीतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. तरीही घाईत तो अ² + ब² लिहितो. याला उपाय म्हणजे एक आकृती. एक चौरस काढा. त्याची बाजू अ आणि ब अशा दोन तुकड्यांत विभागा आणि आडवी-उभी रेघ ओढा. चौरसात चार खोल्या होतील. एक अ बाजूची चौरस खोली, दुसरी ब बाजूची चौरस खोली, आणि त्यांच्यामध्ये अ गुणिले ब अशा दोन आयताकृती खोल्या. त्या दोन आयतांनाच आपण २अब म्हणतो. जो मुलगा अ² + ब² लिहितो, तो घरातल्या दोन खोल्या मोजायच्या विसरतो. ही आकृती एकदा हाताने काढली, म्हणजे सूत्र विसरले तरी ते पुन्हा उभे करता येते.

याच्याबरोबर एक सवय लावून घ्यावी. कोणत्याही पायरीविषयी शंका आली, की अक्षरांच्या जागी लहान संख्या घालून पाहावे. अ = ३ आणि ब = ४ घ्या. बेरजेचा वर्ग ४९. वर्गांची बेरीज २५. म्हणजे दोन्ही एक नव्हेत, हे पाच सेकंदांत सिद्ध झाले. दुसरे उदाहरण : (क्ष + ६) भागिले ६. पुष्कळ मुले वरचा ६ आणि खालचा ६ खोडून क्ष एवढेच ठेवतात. क्ष = ६ घालून पाहा. वर १२, खाली ६, भागाकार २; आणि खोडून आलेले उत्तर मात्र ६. छेदता येतो तो गुणक, बेरजेतले पद छेदता येत नाही, हा नियम अशा पडताळ्याने अंगी मुरतो. मात्र एक लक्षात ठेवावे. संख्या घालून पायरी चूक आहे हे पक्के ठरते. एखाद्या संख्येला ती जुळली एवढ्याने ती सर्वत्र बरोबर ठरत नाही. पडताळ्यासाठी ० आणि १ या संख्या घेऊ नयेत, कारण त्यांच्यापाशी अनेक चुका लपून राहतात.

दुसरी गोष्ट वर्गसमीकरणाची. त्याचे सूत्र मुले श्लोकासारखे म्हणतात, पण ते आले कोठून हे क्वचितच कोणी सांगतो. श्रीधराचार्यांची एक रीत भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात उद्धृत केलेली आहे. भास्कराचार्यांनी आपला 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० साली पुरा केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानतात. रीत अशी, की समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, आणि मग क्ष च्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा. उदाहरण घेऊ : २क्ष² + ५क्ष = ३. येथे क्ष² चा सहगुणक २, त्याची चौपट ८. आठने गुणले म्हणजे १६क्ष² + ४०क्ष = २४. आता ५ चा वर्ग २५ दोन्हीकडे मिळवू. डावीकडे १६क्ष² + ४०क्ष + २५ होते, आणि तो (४क्ष + ५) याचा पूर्ण वर्ग आहे. उजवीकडे ४९. म्हणून ४क्ष + ५ हे ७ किंवा उणे ७. पहिल्यावरून क्ष = १/२, दुसऱ्यावरून क्ष = −३. अपूर्णांकाची कटकट नाही आणि पाठांतराचा भारही नाही. ज्याने ही रीत पाच उदाहरणांवर चालवली, त्याला शाळेतले सूत्र कोठून आले हे आपोआप कळते.

आणि पडताळा? मुळांची बेरीज म्हणजे क्ष च्या सहगुणकाला क्ष² च्या सहगुणकाने भागून आलेल्या संख्येचे चिन्ह बदलायचे. येथे −५/२. आपली मुळे १/२ आणि −३, बेरीज −५/२. जुळले. प्रवेशपरीक्षेत पुष्कळदा समीकरण न सोडवता, चार पर्यायांपैकी कोणत्या जोडीची बेरीज आणि गुणाकार जुळतो एवढे पाहिले तरी काम भागते.

तिसरी गोष्ट चिन्हांची. ३ हे ५ पेक्षा लहान आहेत. दोन्हींना −१ ने गुणा. −३ हे −५ पेक्षा मोठे होतात. असमानतेला ऋण संख्येने गुणले वा भागले, की तिचे तोंड फिरते. हे संख्यारेषेवर बोट ठेवून एकदा पाहिले म्हणजे पुरे. तसेच, क्ष² याचे वर्गमूळ क्ष असे मुले डोळे मिटून लिहितात. क्ष = −४ असेल तर क्ष² = १६ आणि १६ चे वर्गमूळ ४. ते −४ नव्हे. वर्गमूळाचे चिन्ह नेहमी धन किंवा शून्य किंमतच देते. म्हणून उत्तर क्ष चे निरपेक्ष मूल्य असते. बारावीच्या कलनात या एका चिन्हापायी किती गुण जातात, याचा हिशेब त्या मुलीच्या वहीत मला दिसला.

चौथी गोष्ट लघुगणकाची. १६१४ साली जॉन नेपियर यांनी लघुगणकांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ज्योतिष्यांचे गुणाकाराचे कष्ट बेरजेवर आले. मुलांना मात्र लघुगणक म्हणजे काहीतरी गूढ वाटते. वस्तुतः लघुगणक म्हणजे घातांक. १० चा कितवा घात केला म्हणजे १००० होतील? तिसरा. म्हणून १००० चा लघुगणक ३. घात गुणताना घातांक मिळवतो, म्हणून गुणाकाराचा लघुगणक ही लघुगणकांची बेरीज होते. बेरजेच्या लघुगणकाला मात्र असा कोणताही सोपा नियम नाही. तेथे नियम बनवू नये. एक गमतीचे उदाहरण पाहा. २ चा पन्नासावा घात किती अंकी असेल? २ चा लघुगणक सुमारे ०.३०१०. त्याला ५० ने गुणले, की १५.०५ येतात. १० चा पंधरावा घात १६ अंकी असतो आणि आपली संख्या त्याच्याहून किंचित मोठी. म्हणून उत्तर १६ अंक. एवढी प्रचंड संख्या न मांडता तिचे अंक मोजता आले. कल्पना समजली, की असे प्रश्न ८० सेकंदांत सहज आटोपतात.

पाचवी गोष्ट त्रिकोणमितीची. ३०, ४५ आणि ६० अंशांच्या कोनांचा तक्ता मुले भिंतीवर चिकटवतात आणि ऐन परीक्षेत साइन आणि कोसाइन यांची अदलाबदल करतात. तक्त्यापेक्षा दोन आकृत्या मनात ठेवाव्यात. २ एकक बाजूचा समभुज त्रिकोण काढा आणि शिरोबिंदूतून पायावर लंब टाका. अर्धा पाया १, कर्ण २, आणि पायथागोरसच्या सिद्धान्ताने लंब ३ चे वर्गमूळ. कोन ३०, ६० आणि ९०. या एका त्रिकोणातून दोन्ही कोनांची सर्व गुणोत्तरे वाचता येतात. १ एकक बाजूचा चौरस कर्णाने दुभागला, की ४५ अंशांचा प्रश्न मिटतो. आणि साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर १, हे मोठे सूत्र म्हणजे कर्ण १ असलेल्या काटकोन त्रिकोणातला पायथागोरसचा सिद्धान्तच होय. समरूप त्रिकोणांचा धडा ज्याला कळला, त्याच्या हे ध्यानात येते, की त्रिकोण लहान असो वा मोठा, कोन तोच असेल तर बाजूंचे गुणोत्तर तेच राहते. त्रिकोणमितीचा सारा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

'साइन' हा शब्द मुलांना परका वाटतो. पण त्याचे माहेर आपलेच आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'त अर्धज्येच्या किमती दिल्या आहेत. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, वर्तुळातली जीवा. हा शब्द 'जीवा' या रूपाने अरबीत गेला आणि तेथे 'जीब' झाला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढे तो 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी अथवा छातीवरचा खोलगट भाग. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा 'सायनस' शब्द योजला, आणि त्याचा साइन झाला. ही कथा मी वर्गात सांगितली, म्हणजे मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात.

सहावी गोष्ट चढाची. दहावीच्या निर्देशक भूमितीत आपण शिकतो, की रेषा उजवीकडे एक एकक सरकताना जितकी वर चढते, तो तिचा चढ. बारावीतले अवकलन हे त्याचेच पुढचे पाऊल आहे. वक्राला चढ एक नसतो, प्रत्येक बिंदूपाशी तो बदलतो. क्ष² घ्या. क्ष = ३ असता किंमत ९. क्ष = ३.१ असता ९.६१. उंचीतला फरक ०.६१, आडवे अंतर ०.१, चढ ६.१. आणखी जवळ येऊ : क्ष = ३.०१ असता ९.०६०१, चढ ६.०१. जवळ जवळ जावे, तसा चढ ६ कडे झुकत जातो, आणि सूत्राने येणारे उत्तरही २ गुणिले ३, म्हणजे ६. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा हाताने करून पाहिले, तो अवकलनाची सूत्रे आंधळेपणाने वापरत नाही, आणि स्पर्शिकेवरचा प्रश्न आला तर गांगरत नाही.

आता भाषेविषयी दोन शब्द. सीमाभागातल्या, किंबहुना मराठी शाळेतून इंग्रजी वर्गात गेलेल्या कोठल्याही मुलाची ही अडचण आहे. त्या मुलीचे ७ प्रश्न केवळ यापायी गेले होते. तिला 'सहगुणक' माहीत होता, 'कोइफिशंट' अनोळखी वाटला. 'एकरूप' आणि 'समरूप' यांतला भेद तिला उत्तम ठाऊक होता, पण 'काँग्रुअंट' आणि 'सिमिलर' यांची तिने अदलाबदल केली. यावर उपाय म्हणून आम्ही एक लहान वही केली. डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी शब्द, आणि खाली एक आकृती अथवा उदाहरण. शंभर-सव्वाशे शब्दांत सारे शालेय गणित बसले.

ती वही करताना एक मौज कळली. एकाच शब्दाला दोन अर्थ असले, की अधिक फसगत होते, आणि हा दोष दोन्ही भाषांत आहे. मराठीत 'अंश' म्हणजे अपूर्णांकातली वरची संख्या, आणि कोनाचे मापही अंशच. इंग्रजीत 'डिग्री' म्हणजे कोनाचा अंश आणि बहुपदीची कोटीसुद्धा. 'रूट' म्हणजे वर्गमूळ, आणि समीकरणाचे मूळ हेही 'रूट'च. 'टॅन्जंट' म्हणजे वर्तुळाची स्पर्शिका, आणि त्रिकोणमितीतले गुणोत्तरही तेच. हे शेवटचे नाते मात्र आकस्मिक नाही. १ एकक त्रिज्येच्या वर्तुळाला त्रिज्येच्या टोकाशी स्पर्शिका काढली, तर केंद्रापाशी केलेला लघुकोन तिचा जेवढा तुकडा कापतो, त्याची लांबी म्हणजेच त्या कोनाचा टॅन्जंट. मराठीतून शिकलेल्या मुलाने याची लाज बाळगण्याचे कारण नाही. 'त्रिज्या', 'छेदिका', 'स्पर्शिका' हे शब्द आपला अर्थ आपणच सांगतात. ज्याला ते येतात त्याला इंग्रजी शब्द ही नुसती दुसरी पाटी आहे.

दैवावर उत्तर ठोकण्याविषयी मुले नेहमी विचारतात. त्याचे उत्तर संभाव्यतेच्या धड्यातच आहे. जेथे दंड नाही, तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे पदरचे सोडून देणे. जेथे बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला १ वजा, तेथे चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी लाभ ४ चा चौथा भाग उणे ३/४, म्हणजे पाव गुण. तो नाममात्र आहे, आणि दैव फिरले तर नुकसानही होते. पण दोन पर्याय खात्रीने चूक आहेत असे ठरवता आले, तर उरलेल्या दोहोंतून निवडण्याचा सरासरी लाभ २ उणे १/२, म्हणजे दीड गुण होतो. दोन पर्याय खोडण्याची ही विद्या कोठून येते? चिन्ह पाहणे, लहान संख्या घालणे, बेरीज-गुणाकार जुळवणे, या मघाच्याच सवयींतून. अर्थात जेथे रीत येते तेथे रीतच करावी.

आता दिनक्रम. आम्ही आठवड्यातले सहा दिवस रोज एक तास ठरवला होता. पहिले तीन आठवडे केवळ आठवी ते दहावीची पुस्तके. रोज एक कल्पना, तिची आकृती अथवा सिद्धता, आणि मग दहा उदाहरणे. पुढचे पाच आठवडे बारावीचे धडे. पण प्रत्येक धड्याच्या आरंभी, 'या धड्याला खालचे काय काय लागते' याची यादी करून. शेवटचे आठवडे जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. प्रत्येक प्रश्नपत्रिकेनंतर चुका एका वेगळ्या वहीत उतरायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायचे : कल्पना चुकली, आकडेमोड चुकली, की वाचण्यात चूक झाली? कल्पना चुकली तर जुने पुस्तक काढायचे. आकडेमोड चुकली तर रोज दहा मिनिटे अपूर्णांक आणि पाढे. वाचण्यात चूक झाली तर शब्दांची वही. सगळ्या चुकांना 'अभ्यास कमी पडला' हे एकच नाव देऊन अधिक तास बसवणे, हे रोग न तपासता औषध वाढवण्यासारखे आहे.

पालकांना एकच विनंती आहे. दहावी झाली, की आठवी-नववीची पुस्तके रद्दीत घालू नका. दोन वर्षांनी त्यांची गरज पडते, आणि त्या वेळी बारावीच्या मुलाने आठवीचे पुस्तक उघडले, तर त्याला हसू नका. त्या मुलीला पहिल्या आठवड्यात याचीच लाज वाटत होती. ती पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टन घालून, नाव झाकून आणत असे. तिच्या वडिलांनीच एके दिवशी ते वेष्टन काढले. म्हणाले, "गिरणीचे जाते टाचावे लागते. पीठ जाड येऊ लागले म्हणून कोणी नवी गिरणी घेत नाही." मला स्वतःला याहून चांगले सांगता आले नसते.

एप्रिलमधल्या परीक्षेपूर्वी तिने सोडवलेल्या शेवटच्या सरावपत्रिकेत ४२ उत्तरे बरोबर आली. तरीही १८ चुकलीच. प्रवेशाच्या वेळी तिला हवी ती शाखा मिळाली नाही. दुसऱ्या शाखेत सरकारी जागा मिळाली, आणि ती तिने आनंदाने घेतली. आता ती सुट्टीत घरी आली, की गावातल्या चार मुलांना गिरणीच्या ओट्यावर बसवून गणित सांगते, असे तिचे वडील सांगत होते.

आणि मी? मी अजून आठवीच्या वर्गावर आहे. वर्गविस्ताराचा धडा आला, की सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी प्रत्येकाला कागदाचा चौरस घडी घालून आणायला सांगतो. चार खोल्या मोजल्याशिवाय कोणाला पुढे जाऊ देत नाही. एखादा हुशार मुलगा कंटाळून म्हणतो, "सर, सूत्र तर पाठ आहे." मी त्याला म्हणतो, "असू दे. तरी त्या दोन खोल्या मला दाखव."